पुडीतली राख

शाहूपुरी, गुरुवार, २१ मार्च १९७४. दिवेलागण.

डॉक्टरांनी हात टेकले, तरी म्हणतात, सकाळी पेशंटचं मन प्रसन्न ठेवा. ठेवतोय की! रोज उठल्यावर हिच्या कपाळाला नृसिंहवाडीचा अंगारा लावतो आणि म्हणतो, "आज बरं वाटणार बघ." ही "व्हय" म्हणते.

खरा अंगारा पंधरवड्यापूर्वीच संपला. ऑफिसच्या वेळात शेजारीण बसते, पण सुट्टीच्या दिवशी हिला एकटं टाकून वाडीला कसा जाणार? पुडीत घरच्या उदबत्तीची राख भरली. मी कसला देवभक्त! तरी भरण्याआधी हात धुऊन घेतले.

आज कपाळाला बोट लावलं तर म्हणाली, "ह्यो वाडीचा न्हवं. पयल्याच दिवशी वासावरनं कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमची सकाळ बरी जात हुती की."

रविवारी शेजारणीला बसवून वाडीला जाऊन आणतो म्हटलं. हिनं पुडी मागून घेतली, उघडून तळ बघितला, परत माझ्या हातात दिली.

"नगा जाऊ. एवढा पुरंल मला."

दिवसभर ऑफिसात ती पुडीच डोळ्यांपुढे. आत्ता पुन्हा उघडून पाहिली. चार सकाळी निघतील. चिमूट बारीक घेतली तर पाच.