पाणबुडीचं पुस्तक

मुरबाड, मंगळवार, संध्याकाळ

जनाबाई आज माझी सहा पुस्तकं परत देऊन गेली. खताच्या रिकाम्या गोणीत नीट बांधून आणली होती. तिचा नवरा काळूराम आता भिवंडीला गोदामावर राखणीला लागलाय. भेंडी यंदा लावलीच नाही म्हणे.

गेल्या हिवाळ्यात तो दारात येऊन म्हणाला होता, "गुरुजी, पाणबुडीचं पुस्तक हाय का?" मला केवढा आनंद! तीस वर्षं समुद्राखालच्या लढायांची पुस्तकं जमवतोय, मागायला कोणी पहिल्यांदाच आलं होतं. पुढचं ऐकूनच घेतलं नाही मी. भेटला की आणखी एक, स्वतः निवडून हातात ठेवत गेलो. "कसं वाटलं?" विचारलं की म्हणायचा, "बरं हाय."

आज जनाबाई म्हणाली, "विहिरीतली पाणबुडी बंद पडली व्हती, मोटार. ती खोलायची कशी, ते बघायचं व्हतं त्यांना."

"मग बोलला का नाही?"

"तुमी एवढे खुशीत व्हता. त्यांना नाय म्हणवंना."

पाण्यातल्या मोटारीला इथं सगळेच पाणबुडी म्हणतात. मीसुद्धा म्हणतो! मग त्या दिवशी कसं सुचलं नाही? राग येतोय, पण त्याचा की माझा?

गोणी सोडली. प्रत्येक पुस्तकात भेंडीच्या बियाण्याच्या पाकिटाचा तुकडा, खुणेला. वाटलं, निदान इथवर तरी वाचलं असेल. उघडून पाहिलं. सहाही पुस्तकांत खूण लढाऊ पाणबुडीतल्या विजेच्या मोटारीच्या आकृतीवर आहे.

बरं हाय, म्हणायचा.