मावशी, मला बंदूक मिळाली!

ती. फोर्तुने मावशीस,

नोएमीचा नमस्कार, आणि दोन्ही गालांवर पापे. तिकडे फ्रान्सात, मार्सेच्या वाऱ्यात तुझे गुडघे कुरकुरतात की गप्प आहेत? (माझे कुरकुरतात, पण इस्रायलच्या सैन्यात त्यांचं कोण ऐकतं!)

मावशी, मी खरीखुरी शिपाई झाले! गणवेश दोन मापं मोठा, बूट एक माप लहान, पण ऐट पूर्ण मापाची. आता गंमत ऐक. हिब्रूत शस्त्राला म्हणतात नेशेक आणि मुक्याला (पापीला गं!) नेशिका. एवढ्याशा फरकावर हे सैन्य कसं उभं आहे, देव जाणे. परवा बंदुका वाटल्या आणि नेमकी मीच राहिले. आमची कमांडर होदाया (माझ्याहून लहान, पण तिच्यासमोर माझ्या वेणीलासुद्धा ताठ उभं राहावंसं वाटतं) जवळ आली, तशी मी सगळ्या रांगेदेखत खणखणीत आवाजात विचारलं, "कमांडर! सगळ्यांना मुका मिळाला, मला का नाही?" रांग हसून आडवी झाली. होदाया मात्र ढिम्म. "त्या झाडाला वळसा घालून ये, मग बघू." मी धापा टाकत परतले, तर बाईसाहेब तंबूमागे पोट धरून हसताहेत! मला पाहताच पुन्हा ताठ. "नोएमी, पाहिलंस ते विसर. हुकूम आहे." आणि बंदूक हातात दिली!

मग भेटीचा दिवस आला. शेजारच्या खाटेवरच्या ओस्नातची आई पातेली घेऊन आली. मला ओढून म्हणते, "अगं, किती सुकलीस! तुझी आई काही खायला घालत नव्हती की काय?" माझं डोकंच सटकलं. मोडक्या हिब्रूत मी आईच्या शुक्रवारच्या कूसकूसवर असं भाषण ठोकलं, की बोलता बोलता रडूच फुटलं. त्या माउलीने माझ्या तोंडात भरलेली मिरची कोंबली. (तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, असंच मी सगळ्यांना सांगितलंय.)

बाकी मजेत. आईची आठवण मुळीच येत नाही. मी सैन्यात निघाले म्हणून विमानतळावर तिने तोंड फिरवलं, ते तिचं तिला लखलाभ.

तुझी,
शिपाई नोएमी

ता. क. हे पत्र आईला दाखवू नकोस.

ता. क. दाखवलंस तरी चालेल, पण ती चुलीपाशी असताना नको. हात भाजून घेईल.

ता. क. पुढच्या महिन्यात आमचा शपथविधी. सगळ्यांच्या घरचे येतात. तू ये, आणि तुझ्या धाकट्या बहिणीला कान धरून आण. नाही बोलली माझ्याशी तरी चालेल. शपथ घेताना कुणाकडे तरी बघायला हवं ना गं!