किसनरावांच्या ट्रॅक्टरचं तोंड

दिग्रस,
दिवाळी उलटल्यावरचा शुक्रवार

श्रीयुत किसनराव यांस,

निजामुद्दीन मिस्त्रीचा सलाम आणि जोडीला रामराम. (दोन्ही पाठवतो आहे. पुण्यात जे चालत असेल ते ठेवून घ्यावं, उरलेलं येताना परत आणावं.) तुमच्या डोळ्याची तब्येत कशी आहे? मोतीबिंदू काढून आठ-पंधरा दिवसांत येतो असं सांगून तुम्ही पोळ्याच्या आधी गाडीत बसलात. आता दिवाळीचे लाडू संपले तरी तुमचा पत्ता नाही. पुण्याचे डॉक्टर डोळा बसवतात की आधी तो घडवायला टाकतात, हे कळवावं. आपण शाळेत एकाच बाकावर बसून एकाच छडीचा मार खाल्ला, त्या नात्याने मी जन्मभर तुम्हाला अरेतुरे करत आलो. पण माणूस पुणेकर झाला की त्याला अहोजाहो करावं, असं आमच्या जैबुनबीचं म्हणणं पडलं, आणि घरात राहायचं तर बायकोचं ऐकावं लागतं (हे तुम्ही विसरला असाल). फोन केला तर तुम्ही "पियूषशी बोल" म्हणून मुलाच्या हातात देता, म्हणून हे पत्र. ते पियूषच वाचून दाखवत असेल, तर त्यालाही आशीर्वाद.

कारण की, तुमच्या लाल ट्रॅक्टरच्या लिफ्टने अंग टाकलं आहे. सोयाबीन निघालं, जमिनीत ओल आहे तोवर हरभरा पडावा, म्हणून मानीबाई वहिनींनी कल्टिव्हेटर जोडायला सांगितला. देवीलाल ड्रायव्हरने लिव्हर ओढली. अवजार उचलणारे लिफ्टचे मागचे दोन्ही हात वीतभर उठले, थरथरले आणि तिथेच राहिले, आणि पंप असा कण्हू लागला की गोठ्यातली शेळीसुद्धा उठून उभी राहिली. मला निरोप आला. मी पोचेस्तोवर निम्मं गाव जमलेलं. (लग्नाला न येणारी माणसंही बिघडलेल्या ट्रॅक्टरपाशी न बोलावता येतात, हे तुम्ही स्वतः कैकदा सिद्ध केलं आहे.) एकाने लिव्हरला लिंबू-मिरची बांधली होती. दुसऱ्याचं म्हणणं, वजनाशिवाय लिफ्टची परीक्षा होत नाही, म्हणून चार भारी गडी कल्टिव्हेटरवर चढून उभे होते. जी लिफ्ट लोखंड उचलेना ती यांना कशी उचलणार, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मी विचारलं, तर ते रागावून उतरले आणि जाताना माझ्या हत्यारांच्या डब्यावर पाय देऊन गेले.

मग मी कामाला लागलो. तेल पाहिलं, पुरेसं होतं. लिव्हरची दांडी पाहिली, सरळ होती. पंप कण्हतो म्हणजे त्याला तेल ओढता येत नाही, म्हणजे गाळणी तुंबली, इतकं मला ऐकूनच कळलं होतं. पण गर्दीसमोर लगेच सांगितलं तर मिस्त्रीची किंमत राहत नाही, म्हणून मी थोडा वेळ टॉर्च मारत बसलो. शेवटी गाळणी बाहेर काढली. तिच्यावर पिवळा, चिकट, दाणेदार थर होता. किसनराव, माझी सारी उमर तेलात गेली. गाळणीत लोखंडाचा चुरा पाहिला, सुतळी पाहिली, एकदा तर बिडीचं थोटूक पाहिलं. हे नवीन होतं. नाकाला लावलं तर जायफळाचा वास आला.

मी वहिनींकडे पाहिलं. वहिनी विहिरीकडे पाहू लागल्या. मग सगळं बाहेर आलं. तुम्ही मागच्या साली बैलजोडी विकली, तेव्हापासून तुमच्या घरी पोळ्याला ट्रॅक्टरचीच पूजा. यंदा तुम्ही नव्हता, तरी बाईने रीत मोडली नाही. आदल्या संध्याकाळी हळद-तुपाने त्याच्या लिफ्टच्या हातांची खांदशेकणी केली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असं लोखंडाला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मानाचा घास द्यायला तुम्ही नाही म्हणून सीटमागचं तेलाचं बूच उघडून पुरणपोळी आत सोडली. मी म्हटलं, "वहिनी, तिथं काहून?" तर म्हणतात कशा, "मले काय माहीत त्याचं तोंड कोणीकडे हाय? हे जेथून त्याले तेल पाजत, तेथूनच देला घास. बैलाले घास देल्याबिगर आपण जेवतो का?" एकच विचारलं, किती पोळ्या? तर म्हणे, "एका पोळीनं कोनाचं पोट भरते, निजामभाऊ?"

असो. गाळणी धुतली, तेल बदललं, पुरण काढलं. पण किसनराव, लिफ्टचा भरवसा काही उरला नाही. पियूषने ट्रॅक्टर विकायचा आणि वावर मक्त्याने द्यायचं ठरवून फुलचंद दलालाला पाठवलं होतं, तो परवा येऊन गेला. वहिनींनी त्याला चिवडा दिला, चहा दिला, मीही हजर होतो. फुलचंदने सीटवर बसून लिव्हर वर ओढली, खाली ढकलली. लिफ्टने हूं की चूं केलं नाही. त्याने मला कारण विचारलं. मी मान हलवली आणि म्हटलं, "या वयात आतून बिघडलं की काही सांगता येत नाही भाऊ." तो चिवडा संपवून, ट्रॅक्टर नको म्हणून निघून गेला. आता असा ट्रॅक्टर कोण घेणार? मला फार वाईट वाटलं.

घरच्या सगळ्यांना यथायोग्य. जैबुनबी सलाम सांगते.

आपला,
निजामुद्दीन

ता. क. पियूषबाळा, पत्र इथं संपलं. आता ते बाबांच्या हातात दे आणि चहा टाकायला जा.

ता. क. दुसरा. गेला का तो? किसन, आता ऐक. लिफ्ट अगदी ठणठणीत आहे. पुरण काढलं त्याच दिवशी ती चारही भारी गड्यांना घेऊन वर गेली. (त्यातला एक उतरायला तयार नव्हता.) फुलचंदच्या वेळी हलली नाही, कारण सीटखालची चकती आवळलेली होती. ती आवळली की तेल अडतं आणि हात आहेत तिथे थांबतात, हे तुला माहीत आहेच. आता ती कोणी आवळली? मी चहा पीत होतो. फुलचंद चिवडा खात होता. सीटजवळ फक्त वहिनी होत्या, पदराने धूळ पुसत.

ता. क. तिसरा. हरभरा पेरून झाला. ट्रॅक्टरवर वहिनी होत्या आणि देवीलाल बांधावर उभा राहून नुसते हात हलवत होता. तेव्हा ट्रॅक्टरसाठी तू यावंस अशी काही गरज नाही. मात्र ट्रॅक्टर गेला की तू येणार नाहीस, हे वहिनींना कळतं आणि मलाही कळतं. तुझ्यावाचून गॅरेजच्या बाकड्यावर संध्याकाळचा चहा मला कडू लागतो. पियूषला वाईट वाटू देऊ नको, पण घरी ये.

ता. क. शेवटचा. पत्र पेटीत टाकायला निघालो आणि मध्येच थांबलो. किसन, ज्या बाईला सीटखालची चकती कळते, तिला तेलाचं बूच कळत नसेल? मी तिथूनच परत फिरून वहिनींना विचारायला गेलो. त्या हरभऱ्याच्या वावरातून बाहेर आल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "पुढच्या पोळ्याले घास कोन देते ते तुमच्या दोस्ताले इचारा. मी देईन त मले त्याचं एकच तोंड माहीत हाय."