माझ्याच कॉम्प्युटरवर उघडणारी नोटीस

अण्णा, मला भीती वाटते आहे. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नाही, ते आज रविवारी दुपारी भांडी तशीच टाकून लिहायला बसले आहे. मराठीत लिहिते आहे, कारण ऑफिसात हे कोणाच्या हाती लागलं तरी त्याला धड अर्थ लागू नये. घरात लेकीला सगळं समजतं, पण ती उत्तर हिंदीतच देते आणि आईचे कागद वाचायची तिला हौस नाही. फोन मी उशीखाली ठेवला आहे.

तुम्ही ज्या ऑफिसात कारकून होतात तिथेच मी आता संविदेवर, म्हणजे कंत्राटावर, कॉम्प्युटर चालवते. झाशीहून मोठ गावाकडे जाणारी तीच बस, वाटेतलं तेच छोटं गाव. तुमचा नोटिसांचा लाकडी फलक मात्र नाही. रंगकामात उतरवला तो परत चढलाच नाही. आता सगळं वेबसाइटवर, आणि वेबसाइट म्हणजे मी. साहेबांनी सही केलेला कागद मी स्कॅन करते, चढवते, आणि तो दिसतो की नाही ते रोज सकाळी बघून वहीत टिक करते.

तुमचं काम आठवतं. आई स्वयंपाकघरात मैद्याची खळ शिजवायची, तुम्ही तीत मोरचूद टाकायचात आणि आई ओरडायची, "ते विष माझ्या ओट्यावर नको." त्या पातेल्याला आम्ही हात लावायचा नाही. सुट्टीत एकदा तुम्ही मला बरोबर नेलंत. नोटीस चिकटवून झाल्यावर मी ती घडाघडा वाचून दाखवली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्या एका दूधवाल्याला थांबवलंत. "भैया, तनिक पढ़ के बताओ, का लिखो है?" तो अडखळत वाचत होता आणि तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत होतात. मग मला म्हणालात, "तू मगाशी माझ्या हातात वाचलं होतंस. तुझं वाचणं मोजायचं नाही." मला फार राग आला होता.

आणि त्याच वर्षी मी फलकावरचा एक कागद काढून भूगोलाच्या वहीला कव्हर घातलं. जुना असेल असं वाटलं. मुदत चालू होती. तुम्ही मारलं नाहीत, पण तुमचा चेहरा उतरला तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. कव्हर सोडवून कागद परत लावलात आणि स्वतःच्या हाताने साहेबांना लिहून दिलंत की नोटीस एक दिवस फलकावर नव्हती, चूक माझ्या घरची, मुदत पुन्हा पहिल्यापासून धरावी. तुम्हाला लेखी ताकीद मिळाली. आई महिनाभर धास्तावलेली होती. तुम्ही मात्र रात्री घोरत होतात.

आता माझं ऐका. नाल्यावरची दुकानं रस्त्यासाठी पाडायची आहेत. कोणती, त्यांच्या नंबरांची यादी आणि हरकतीचा फॉर्म नोटिशीबरोबर वेबसाइटवर होता, मुदत पंधरा दिवस. त्या रांगेत एक शिंपी आहे, साठीचा, वडिलांच्या वेळचा दुकानाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरतो. चौथ्या दिवशी तो आला. "दीदी, हमाए फोन में नईं खुल रओ." मी स्क्रीन त्याच्याकडे फिरवली, क्लिक केलं, कागद उघडला. "हमारे यहाँ तो खुल रहा है. आपका नेट खराब होगा." म्हणाला, "तो एक कागद निकाल दो." मी म्हटलं, "प्रिंट का आदेश नहीं है, सब ऑनलाइन है." मागे दाखल्यांची रांग होती. दहाव्या दिवशी तो परत आला. मी परत स्क्रीन फिरवली. त्याने माझा नंबर लिहून घेतला, हात जोडले आणि गेला.

मुदत गुरुवारी संपली. एकही हरकत आली नाही. शुक्रवारी साहेब म्हणाले, "सोमवार को लिख के दे देना कि नोटिस पूरे पंद्रह दिन साइट पर रहा." घरी येताना बसमध्ये सहज माझ्या फोनवर उघडून बघितलं. पान सापडत नाही, असं आलं. पुन्हा केलं, तेच. बस झाशीत लक्ष्मी गेटच्या बाजूला वळेपर्यंत मी तेच पान उघडत होते.

काल सुट्टी असून ऑफिसात गेले. चौकीदाराला सांगितलं, चष्मा राहिला. लिंक तपासली. ती वेबसाइटवरच्या कागदाकडे जातच नव्हती, माझ्या कॉम्प्युटरमधल्या फाइलकडे जात होती. म्हणून ती जगात फक्त माझ्या टेबलावर उघडत होती. पंधरा दिवस मी स्वतःचीच फाइल स्वतःला दाखवून टिक करत होते. दूधवाल्याला विचारायचं राहू दे, खिशातल्या फोनवर बघायचंही मला सुचलं नाही.

खरं सांगितलं तर मुदत पुन्हा सुरू होईल, शिंप्याचं दुकान कदाचित वाचेल. आणि मला उद्याच घरी बसवतील, संविदेवालीला ताकीद देत नाहीत, काढतात. लेकीचं कॉलेज आहे. हे सगळं मी कालपासून मनात घोळवते आहे आणि प्रत्येक वेळी मला आधी माझ्यासाठीच भीती वाटते, त्याच्यासाठी नंतर.

काल मी लिंक दुरुस्त केली. पाच मिनिटं लागली. चढवल्याची तारीख मात्र पहिल्या दिवसाचीच राहू दिली. आता कोणीही, कुठूनही उघडलं तर नोटीस पंधराही दिवस तिथेच होती असं दिसतं.

आज सकाळी शिंप्याचा फोन आला. रिंग वाजत राहिली तेव्हा मला वाटलं, कळलं याला. तो म्हणाला, "दीदी, अब खुल गओ. हमाओ नंबर है ऊ में. तारीख तो निकर गई. आप सही कहत थीं, हमाओ ई फोन खराब हतो." मग वेळ खाल्ला म्हणून त्याने माझी माफी मागितली.

मी म्हटलं, "हाँ, किसी को दिखवा लीजिए फोन."

अण्णा, हा कागद लिहून झाला की मी फाडणार आहे. तुम्ही असतात, समोर बसला असतात, तरी यातलं एक अक्षर मी तुम्हाला सांगितलं नसतं.