रेग्युलेटरचा दांडा

१२ जानेवारी
धुरांडं बसलं! तिसऱ्यांदा जोडाला डाग दिला तेव्हा कुठे सरळ उभं राहिलं. अडीच वर्षांनी माझं छोटं पितळी इंजिन माथेरानच्या इंजिनासारखं दिसायला लागलं. किशोरीने माहेरचा बंब कापायला दिला नसता तर बॉयलर झालाच नसता. पुसता पुसता म्हणाली, "माझ्या आंघोळीचा बंब आता घाट चढणार!"

१५ जानेवारी
चिरागभाई येऊन गेले. त्यांच्या काचेच्या कपाटात जपानी, जर्मन पितळी इंजिनं आहेत — माथेरानचं नाही, म्हणून माझं विकत हवंय. म्हटलं, रेग्युलेटरचा दांडा राहिलाय.
"फोटो बघून करा ना काका, कोणाला कळणार?"
मला कळेल! फोटोत तो दिसतच नाही. वाफ सोडायचा दांडा — त्याला एक बाक होता. कुठे? मी फायरमन. कोळसा टाकायचो. दांडा ड्रायव्हरचा, म्हणजे अंबाजींचा.

१६ जानेवारी
अंबाजींना विचारायचं? छे!

१९ जानेवारी
वाफेची इंजिनं बंद व्हायची ठरली, तेव्हा मी डिझेलच्या ट्रेनिंगला नाव दिलं. अंबाजी शेडमध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "आजपासून तू माझा कोनी न्हाय." चाळीसच्या वर वर्षं झाली.
आणि त्याआधी? भट्टीपुढे फावड्यावर भाकरी गरम करायचे, वर जवळ्याची चटणी. पहिला तुकडा मला.
किशोरी म्हणते, "अहो, जाऊन या. रुसायचं वय आहे का आता?"

२३ जानेवारी
इंजिन चादरीत गुंडाळलं. एसटीने पनवेल, तिथून नेरळ.
अंबाजी ओटीवर बसलेले. दोन्ही डोळे गेलेत. सून मृणाल म्हणाली, "कोण आलंय म्हणून सांगू?" नाव टाळलं. म्हटलं — रेवदंड्याहून आलोय, इंजिनं बनवतो.
इंजिन त्यांच्या मांडीवर ठेवलं. बोटं फिरली. धुरांडं, घुमट, कॅब... आणि रिकाम्या जागी थांबली. मी विचारायच्या आत माझी करंगळी धरून वाकवली. "असा. मुठीच्या जरा आदी."
करंगळी तशीच धरून ठेवली. आणि एकदम —
"माझा एक फायरमन व्हता, गणराज. डिझेल शिकला म्हनून तोडला मी त्याला. खरं सांगू? मला जमंल का न्हाय, याचं भ्या वाटायचं. तो भ्याला न्हाय. त्याचाच राग."
मी समोर बसलोय! 'मीच तो' एवढे दोन शब्द तोंडातून निघेनात. मृणालने फोन नंबर घेतला, "इंजिनवाले काका" म्हणून लिहिला. पाया पडून निघालो. भेकड!

२६ जानेवारी
दांडा बसवला. बाक अगदी तोच. चिरागभाईंना म्हटलं, थांबा थोडं.
पुन्हा जाऊन नाव सांगायला हवं. कुठल्या तोंडाने?

२८ जानेवारी
मृणालचा फोन. "काका, तुमचं नाव गणराज आहे का हो? तुम्ही ओटीवरून उतरलात तेव्हापासून बाबा विचारतायत — गणराज परत कधी येणार?"
म्हटलं, उद्या.