निळ्या प्रकाशात न दिसलेल्या गाठीबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
शस्त्रक्रिया मान्यता समिती, पालघर

विषय : पती एकनाथ तामोरे यांच्या मेंदूच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेस नकार, फेरविचार व्हावा
संदर्भ : आपले दि. ४ जुलैचे नामंजुरी पत्र

महोदय,

१. मी माकुणसारची, मासे विकते. फेब्रुवारीत बोईसरच्या एका रुग्णालयात यजमानांच्या मेंदूतील गाठीवर शस्त्रक्रिया झाली. तेथे नवे यंत्र आले होते. रुग्णाला औषध पाजले की काही तासांनी निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी चमकते आणि डॉक्टरांना काय कापायचे ते नेमके दिसते. वेळ टळली की चमक जाते. गाठ जात नाही.

२. औषध पहाटे पाचला पाजले. परंतु आधी यंत्राचे उद्घाटन होते आणि पाहुणे नऊऐवजी सायंकाळी सहाला आले. औषध घेतलेल्याला उजेड वर्ज्य असतो. तरी फोटोसाठी यजमानांवर मोठे दिवे सोडले. तोंड भाजून निघाले. ते एवढेच म्हणाले, "आदी पावन्यांचं होऊं दे, मी काय पलून जात नाय." नको तिथे भिडस्त माणूस.

३. डोके उघडले तेव्हा औषधाला साडेपंधरा तास झाले होते. ओहोटी लागल्यावर होडी लोटणाऱ्याला आमच्याकडे वेडा म्हणतात. साध्या दिव्यात दिसले तेवढे काढले, मग निळा लावला. गुलाबी काहीच दिसेना. कागदावर लिहिले, "गाठ संपूर्ण काढली." पेढे वाटले. मीही दोन खाल्ले, त्याची आजही लाज वाटते.

४. जूनच्या एमआरआयमध्ये गाठ त्याच जागी आहे. महिन्याच्या आत काढली नाही तर माणूस हाती लागणार नाही, असे डॉक्टर सांगतात. आपण कळवता की संपूर्ण काढलेली गाठ दप्तरी शिल्लक नाही. ही नवीन असल्यास तसा दाखला आणावा. डॉक्टर ती जुनीच असल्याचे सांगतात, म्हणून दाखला देत नाहीत. ते खोटे बोलले असते तर माझा माणूस वाचला असता.

तरी मान्यता द्यावी. देता येत नसल्यास मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय लिहायचे, तेही आत्ताच लेखी कळवावे. गाठ लिहिता येणार नाही. आपल्या मते ती निघालेली आहे.

नाइलाजाने नम्र,
चंद्रकांता एकनाथ तामोरे
दि. ११ जुलै २०२४

सोबत :
१) एमआरआयची फिल्म
२) आपले पत्र
३) रुग्ण, आपण समक्ष मागितल्याप्रमाणे. बाहेर बाकावर बसवले आहेत. त्यांना स्वतःचे नाव आता सांगता येत नाही, म्हणून चिठ्ठी सदऱ्याला टाचली आहे.