बिनक्लचची पिकअप

आप्पा,
"सुद्या, गेर टाकता आला म्हंजी शाना झाला का?" असं तुमी काल शोरूममधनं निघताना म्हनला, ते माझ्या उलट्या बोलन्यावर. तुमी नव्या पिकअपमधी बिनक्लचची, आपोआप गेर पडनारी मिळंल का एवढंच इचारलं व्हतं. मी चारचौघात म्हनलो, "असली गाडी बायकांला." शोरूमवालाबी हसला.

मग येताना आळ्याच्या चढाला बघितलं. क्लच दाबायला तुमी डावा गुडघा हातानं उचलून ठेवत व्हता. माझी नजर लई तेज म्हनता, पन रोज शेजारी बसून हे कदी दिसलं न्हाई. लाज वाटली, तोंडावर बोलता येईना.

डिझेलमधी तसली गाडी हितं मिळत न्हाई म्हनला त्यो शोरूमवाला. मग गेरचीच घ्या. क्लच मी दाबीन.

बेल्ह्याच्या बाजाराला आज मी जातो, चावी शोधू नका. मेंढरं भरलीत, निघतो आता.